'कोपर' ऐकून जाग येते, मग तीनतालात सम का सापडत नाही?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. पहिला लोकलचा. डोंबिवलीहून रोजची फास्ट, डोळे मिटलेले, उद्घोषणेकडे लक्ष नाही. एकदा घाईत स्लोमध्ये चढलात आणि 'पुढील स्टेशन कोपर' कानावर पडताच ताडकन उठलात, कारण तिथे 'ठाणे' यायला हवं होतं. लक्षच नव्हतं तर मेंदू हे शिकला कधी? दुसरा प्रश्न तबल्याचा. इतके महिने क्लास करूनही तीनतालात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात, बोटं मोजावी लागतात, आणि मोजणं सोडलं की सम (आवर्तनाची, म्हणजे तालाच्या एका फेरीची, पहिली मात्रा) हरवते. तुम्ही हे वयावर ढकललंय. ते मला पटत नाही. दिवसा कानाच्या तपासण्या करायच्या आणि संध्याकाळी तबला शिकवायचा, असा माझा दुहेरी धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऐकलेलं नुसतं साठवून ठेवणं एवढंच काम मेंदू करत नाही. प्रत्येक आवाजानंतर पुढचा कोणता येणार याचा अंदाज तो बांधून ठेवतो, आणि अंदाज चुकला की दखल घेतो. फिनलंडचे रिस्तो नाटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये याची खूण दाखवली. डोक्याला इलेक्ट्रोड लावून एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मधेच थोडा वेगळा सोडायचा. वेगळा आवाज आल्यावर साधारण 100 ते 250 मिलिसेकंदांत ईईजीमध्ये (मेंदूतल्या विद्युत हालचालींच्या आलेखात) एक ठरावीक लाट दिसते. तिला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात. माणूस पुस्तक वाचत असला, आवाजांकडे त्याचं अजिबात लक्ष नसलं, तरी ती येते. मला यातला सगळ्यात आवडलेला प्रयोग 1990च्या दशकातला आहे. त्यात एकेक पायरी उतरत जाणारे स्वर ऐकवले आणि मधेच एक स्वर न उतरता पुन्हा तोच वाजवला. तरीही लाट आली. म्हणजे नवा आवाज आला म्हणून मेंदू दचकतो असं नाही. क्रम मोडला तर जुनाच आवाजही त्याला खटकतो. (तुमच्या बाबतीत 'कोपर' हा अर्थ असलेला शब्द आहे, त्यामुळे ताडकन उठण्यात या लाटेपलीकडचंही बरंच काही आहे. पण सुरुवात हीच.)

ही क्षमता तान्हेपणीच असते. जेनी सॅफ्रन, रिचर्ड अॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी 1996 मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना फक्त दोन मिनिटं एक अखंड बडबड ऐकवली. यंत्राचा सपाट आवाज, कुठे थांबा नाही, कुठे जोर नाही. त्यात 'बिडाकू', 'गोलाबू', 'पाडोटी', 'टुपिरो' असे चार निरर्थक शब्द उलटसुलट क्रमाने जोडलेले होते. 'बि'नंतर 'डा' दर वेळी येणारच, पण 'कू'नंतर उरलेल्या तीनपैकी कुठलाही शब्द येऊ शकतो. शब्दाच्या आत खात्री शंभर टक्के, शब्द संपतो तिथे एक तृतीयांश. बाळांकडे एवढाच धागा होता. तरी नंतर खरे 'शब्द' आणि जोडावरून तोडलेले तुकडे त्यांनी वेगळे ओळखले. कुठला आवाज कुठल्या आवाजाला किती वेळा चिकटून येतो याचा हिशेब कुणी न सांगता होत राहतो. अक्षरांच्या जागी नुसते स्वर ठेवले तरीही तेच दिसलं.

आता वयाचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका संशोधनात मोठ्या माणसांना वीस स्वरांच्या अतिवेगवान मालिका ऐकवल्या. एकेक स्वर 50 मिलिसेकंदांचा, म्हणजे अख्खं आवर्तन एका सेकंदात संपतं. ठरावीक मालिका सुमारे तीन मिनिटांच्या अंतराने, इतर मालिकांच्या गर्दीत लपून परत येत असत. त्या मालिका लोक हळूहळू अधिक चटकन पकडू लागले, आणि सात आठवड्यांनी बोलावलं तेव्हाही तो फायदा टिकून होता. तेव्हा वयाची सबब राहू द्या.

मग तीनताल का अडतो? कारण हा आपोआप होणारा हिशेब जवळचा आहे. कशानंतर काय, एवढंच तो बघतो. ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, लिहून काढा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

यात 'धा धा' अशी जोडी आवर्तनात तीनदा येते: चौथ्या-पाचव्या मात्रेला, आठव्या-नवव्याला, आणि सोळाव्यावरून समेवर येताना. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी पुढे 'धिं' येतो, मधल्या वेळी 'तिं'. त्यामुळे 'धा धा' ऐकून पुढचं सांगता येत नाही. अजून मागे जा. पाचव्या मात्रेवर उभं राहून, तिचा बोल धरून, मागे आठ बोल मोजा, नवव्या मात्रेवर उभं राहून पुन्हा तसेच मोजा. आठही तेच निघतात! फरक नवव्या बोलात आहे: पाचवीवरून मागे गेलात तर तिथे 'ता' सापडतो, नववीवरून गेलात तर 'धा'. इतक्या मागचं धरून ठेवणं त्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेला जमत नाही. माझ्या वर्गात मी ठेका मधेच तोडून 'आता कितवी मात्रा?' असं विचारतो. अकरावी-बारावी मात्रा मुलं बिनचूक सांगतात, कारण तिथे डग्गा (जोडीतला खर्जाचा, डाव्या हाताचा) गप्प असतो. चुकतात ती पाचव्या आणि नवव्या मात्रेत, आणि दोन्हीकडे चेहऱ्यावर तोच गोंधळ.

यालाही प्रयोगाचा आधार आहे. 2009 मध्ये त्रिस्तान बेकिन्श्टाइन, स्टानिस्लास डेहेन वगैरेंनी पाच-पाच आवाजांचे गट ऐकवले. चार सारखे, पाचवा वेगळा, असाच गट बहुतेक वेळा. मग मधेच पाचही सारखे. जवळचं पाहिलं तर इथे काहीच मोडलेलं नाही. मोडलाय तो गटांचा मोठा नियम. जवळच्या बदलाला मेंदूची प्रतिक्रिया लक्ष दुसरीकडे असतानाही मिळत होती. मोठ्या नियमाची मात्र ज्यांचं लक्ष होतं आणि ज्यांना तो नियम जाणवला होता त्यांच्यातच दिसली. डोंबिवलीनंतर ठाणे हे जवळचं नातं आहे, आवर्तनातली तुमची जागा ही लांबची गोष्ट. तबला ऐकत स्वयंपाक करून पहिलं सुधारेल, दुसरं नाही. 'झोपेत ऐका आणि शिका' छापाच्या अॅप्सवर माझा राग आहे तो यामुळेच.

तर करायचं काय? हाताने टाळी-खाली देत ठेका तोंडाने म्हणा. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला 'खाली', म्हणजे टाळी न देता हात बाहेर. बोल सारखे असले तरी पाचवीला हात एक करतो आणि नववीला दुसरंच, आणि मेंदूला हवी असलेली खूण तिथे मिळते. लयीचं काम तसंही नुसत्या कानाचं नाही. ठोका स्पष्ट असलेली लय ऐकताना, माणूस जराही हलत नसला तरी, मेंदूतले हालचालीशी संबंधित भाग आणि खोलवरचे बेसल गँग्लिया जास्त काम करतात असं स्कॅनमध्ये दिसलंय. मेट्रोनोमबरोबर (ठरावीक अंतराने टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर) ठोके द्यायला सांगितलं तर बहुतेकांचा हात आवाजाच्या काही मिलिसेकंद आधीच पडतो. म्हणजे हातही अंदाजावरच चालतो.

दुसरं म्हणजे लहरा (प्रत्येक आवर्तनाबरोबर पुन्हा पुन्हा वाजणारी एकच चाल) लावा. सोळा मात्रांच्या चालीत प्रत्येक जागेला स्वतःचा सूर असतो, त्यामुळे पाचवी आणि नववी कानाला वेगळी वाटते. रोज थोडा वेळ पुरे, पण त्या वेळात फोन दूर ठेवा. मधेच तोंडाने ठेका थांबवून चार मात्रा गप्प राहा आणि लहऱ्यात पुन्हा शिरा. शिरताना चुकलात तर कुठल्या विभागात चुकलात ते गुरुजींना सांगा, 'सम हरवते' एवढंच सांगू नका.

विलंबित (अगदी संथ लय) सध्या नको. दोन ठोक्यांमधलं अंतर दोन सेकंदांच्या आसपास गेलं की ठोका जाणवणंच संपतं आणि प्रत्येक मात्रा सुटी पडते. ख्यालाच्या साथीत तबलजी मात्रांमधली जागा भरीच्या बोलांनी भरतात, त्यातून कानाला मधले ठोके मिळतात. मध्यलयीत लहऱ्यावर न मोजता सलग काही आवर्तनं टिकलात की तिकडे वळा, आणि तेव्हाही प्रत्येक मात्रेचे मनात चार भाग करून.