आई ६७ वर्षांची. वजन कमी करायच्या स्लीव्हच्या (जठर कापून लहान करण्याच्या) ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी घरी सोडतो म्हणतात. चार दिवस ठेवून घ्या असा आग्रह धरू का?

चार दिवसांचा आग्रह नको, त्यापेक्षा आईच्या टेबलावरचे पेले मोजा. वॉर्डात हे सांगून माझा घसा बसलाय. सर्जनला घाई सोडायची, नातेवाइकांना 'वय झालंय, राहू द्या अजून' म्हणायची, आणि बाई प्रत्यक्षात प्यायली किती ते दोघांनाही ठाऊक नसतं.

औषधाचा छोटा पेला ३० मिलीचा. दर १५ मिनिटांनी एक घोट-घोट संपवला तर तासाला १२० मिली, जागेपणीच्या १२ तासांत १,४४० मिली. रोज लागतं ते साधारण दीड लिटर, म्हणजे भागतं. प्रत्यक्षात सकाळी ११ वाजता चार्टवर 'तोंडाने घेत आहेत' असं लिहिलेलं असतं. बघावं तर पहाटे ६ पासून ६ पेले गेलेत, सातवा अर्धा तसाच, वर माशी बसू नये म्हणून कागद. १८० मिली! पण सलाइन चालू असते, लघवी छान होते, सगळे खूश. घरी दोन दिवसांत चक्कर, रक्तात क्रिएटिनिन वर (किडनीवर ताण आल्याची खूण), पुन्हा अॅडमिट. उतारवयात तहानच कमी लागते, त्यामुळे 'तहान लागली की पितील' यावर विसंबू नका. सलाइन बंद करून निदान पाच-सहा तास नुसतं तोंडावर ठेवा, मग सोडा, असं मी म्हणते.

गोळ्यांच्या पिशवीकडे तर कुणी बघतच नाही. जुनं प्रिस्क्रिप्शन तसंच चालू ठेवलं तर डायबिटीसच्या ग्लिमेपिराइड गोळीने साखर घसरते, आणि लघवीच्या गोळीने बीपी पडून बाथरूममध्ये पाय जातो. डॅपाग्लिफ्लोझिन ही डायबिटीसचीच दुसरी गोळी ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी थांबवतात. खाणं रुळायच्या आत ती पुन्हा सुरू झाली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात धोकादायक आम्ल साचणं) होऊ शकतो. गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी बंद. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन घरी द्यायचं असेल तर देणाऱ्याने एकदा सिस्टरसमोर देऊन दाखवावं. त्याचा डोस किडनी बघून ठरतो.

आता लीक, म्हणजे जठराच्या शिवणीतून होणारी गळती. चार दिवस ठेवल्याने ती टळत नाही. स्लीव्हची लीक बरेचदा घरी गेल्यावर, कधी दुसऱ्या आठवड्यात कळते. नाडी १२० च्या वर टिकून राहणं ही पहिली खूण. पण आई मेटोप्रोलॉल (नाडी मंद ठेवणारी बीपीची गोळी) घेत असेल तर नाडी तेवढी चढणारच नाही, आणि या वयात ताप येईलच असं नाही. दम लागला, डावा खांदा दुखू लागला, अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर 'गॅस झालाय' म्हणून ओवा देत बसू नका.

कॅशलेसची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी, असा आयआरडीएआयचा (विमा नियामक संस्थेचा) २०२४ चा नियम आहे. तरी कागद सकाळीच हलवा. रात्री ९ ला घरी पोचून इंजेक्शनसाठी मेडिकल शोधण्यात अर्थ नाही.

हो, घर दोन-अडीच तासांवर असेल, आई एकटी राहत असेल किंवा लघवीची नळी काढल्यावर लघवी झाली नसेल, तर एक रात्र जरूर मागून घ्या. आणि हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा आजार असेल तर वरचा दीड लिटरचा हिशोब विसरा. किती प्यायचं तो आकडा डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.