सिबिल ६२० आहे, २०२१ मध्ये क्रेडिट कार्ड सेटल केलं होतं. दहिसरला ६० लाखांचा वन आरके बघितलाय. गृहकर्ज मिळेल का?

मिळेल, पण लगेच अर्ज टाकू नका. मी गृहकर्जाच्या फायली लावून देण्याचं काम करतो. तुमच्या ६२० पेक्षा मला ते सेटल केलेलं कार्ड जास्त खटकतंय.

सिबिलचा स्कोअर म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण. तो ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साडेसातशेच्या वर असला की फाईल सहज सरकते, हे खरं. पण तपासणारा माणूस आकड्यावर थांबत नाही, तुमच्या कर्जांच्या नोंदींचा अख्खा रिपोर्ट उघडतो. प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याच्या चौकटी असतात. हप्ता वेळेवर गेला की ०००, महिनाभर थकला की ०३०, मग ०६०, ०९०. तीन वर्षांपूर्वी कधीतरी ०६० आणि त्यानंतर ओळीनं शून्यं असतील, तर नोकरी गेल्याचं किंवा आजारपणाचं पत्र जोडून बऱ्याचदा निभावतं. सेटल खात्याचा अर्थ मात्र बँकेनं काही पैसे सोडून दिले असा होतो, आणि नवा कर्ज देणारा तिथेच बिचकतो.

म्हणून आधी कार्डाच्या बँकेत जा. तेव्हा सोडलेली रक्कम किती हे लेखी मागा, ती थेट खात्यात भरा (वसुलीवाल्याच्या हातात रोख अजिबात नको), नो ड्यूजचं (काही देणं बाकी नसल्याचं) पत्र घ्या आणि रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ करून द्या म्हणून अर्ज द्या. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती कळवावी लागते, त्यामुळे पूर्वीइतकं ताटकळावं लागत नाही. नोंद चुकीचीच राहिली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक फुकट मिळतो आणि स्वतः बघितल्यानं स्कोअर उतरत नाही. परळच्या एका गृहस्थांची फाईल मोबाईलच्या हप्त्यातल्या अठराशे रुपयांवर अडली होती. जुना नंबर बंद, त्यामुळे वसुलीचे फोनही त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. एका बाबतीत मात्र जपा. एजंट एकाच वेळी पाच ठिकाणी फाईल टाकतात, प्रत्येक ठिकाणी चौकशीची नोंद होते आणि स्कोअर आणखी घसरतो. लोकलच्या डब्यात ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल’ असे कागद चिकटवलेले असतात, त्यांच्या नादी लागू नका. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही.

आता पैशांचं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त ४८. उरलेले १२ लाख, मुंबईतली ६ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ३ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, असे जवळजवळ १६ लाख खिशातून. तुमच्या रेकॉर्डवर ७० टक्केच देऊ केले तर आणखी सहा. मिसेस कमावत असतील आणि त्यांचा स्कोअर चांगला असेल तर त्यांना सहअर्जदार घ्या. घर फक्त त्यांच्या नावावर घेतलं तर ड्युटीत १ टक्का सूटही आहे.

अगदीच थांबता येत नसेल तर हाऊसिंग फायनान्स कंपन्या असे ग्राहक घेतात, व्याज चढं लावून. कर्ज फ्लोटिंग (बदलत्या) दराचंच घ्या. त्यावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे दोनेक वर्षं हप्ते चोख भरून ते बँकेकडे वळवता येतं. मी तुमच्या जागी असतो तर सहा-आठ महिने थांबलो असतो.

आणि टोकन (बयाणा) दिलं नसेल तर सॅंक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, हातात येईपर्यंत देऊ नका. द्यावंच लागलं तर कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत, असं पावतीवर लिहून घ्या, दलाल कितीही ओळखीचा असला तरी.