फ्लॅश मारायच्या आधी राउटर कॉम्प्युटरातच चालवून पाहा

प्रश्न : भाऊ, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात गावात माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, शाळेचे फॉर्म, सगळं चालते. पण फायबर घडीघडी तुटते, मग डोंगल लावा, सेटिंग बदला, तोवर लोकं ताटकळून राह्यते. म्हणून जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची फुकट सिस्टिम) टाकून दोन्ही नेट एकत्र करायचं म्हणतो. मागच्या वर्षी एक राउटर फ्लॅश करताना, म्हणजे त्यात नवी सिस्टिम भरतानाच लाइट गेली अन् तो मेलाच. म्हणून आता व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरातच दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) आधी टेस्ट करतो म्हटलं, तर राउटरची फाइल बूटच होत नाही. दुसरी एक मिळाली ती चालली, पण तिनं सेंटरचंच नेट बंद पाडलं. काऊन?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, माझाही एक राउटर असाच गेला, अजून कपाटात आहे, फेकवत नाही.

फाइलचं असं आहे, राउटरमधला प्रोसेसर बहुतेक एमआयपीएस नाहीतर एआरएम जातीचा असतो अन् आपला कॉम्प्युटर एक्स८६. व्हर्च्युअलबॉक्स काही प्रोसेसर बदलून देत नाही, आहे त्याच्यावरच दुसरी सिस्टिम चालवतो. त्यामुळे ती फाइल दहादा डाउनलोड केली तरी उठणार नाही. क्यूईएमयू नावाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रोसेसरचं सोंग घेते, पण तुमच्या मॉडेलची फ्लॅश (सिस्टिम साठवायची मेमरी) अन् वायफाय चिप तिथंही नसते, त्या नादी लागू नका. ओपनडब्ल्यूआरटीची एक्स८६-६४ वाली इमेज घ्या (नावात ईएफआय नसलेली), अनझिप करा. फाइलच्या शेवटी फालतू डेटा आहे असा इशारा येईल, घाबरू नका, फाइल चांगलीच असते. मग व्हीबॉक्समॅनेजनं (व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणारी कमांड) ती व्हीडीआय, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क फाइल, करून घ्या. २५६ एमबी रॅम भरपूर झाली.

आता नेट बंद का पडलं. तुम्ही व्हर्च्युअल मशीनचं पहिलं नेटवर्क कार्ड ब्रिजवर, म्हणजे थेट सेंटरच्या नेटवर्कात, ठेवलं असणार. ओपनडब्ल्यूआरटी पहिल्या कार्डाला लॅन (आतलं नेटवर्क) समजते अन् स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ धरते, अन् सेंटरच्या राउटरचाही बहुतेक तोच पत्ता. मग प्रिंटरनं विचारलं की १९२.१६८.१.१ कोण, तर दोघंही म्हणतात मीच! एका घरनंबरावर दोन घरं, पोस्टमन तरी काय करणार. म्हणून पहिलं कार्ड होस्ट-ओन्ली करा (फक्त तुमच्या कॉम्प्युटरशी जोड), दुसरं नॅट (कॉम्प्युटरच्या आडून बाहेरचं नेट). होस्ट-ओन्लीत तुमच्या कॉम्प्युटरला साधारण १९२.१६८.५६.१ मिळतो, म्हणून मशीनच्या काळ्या स्क्रीनवर व्हीआय या एडिटरनं नेटवर्कची फाइल उघडून लॅनचा पत्ता १९२.१६८.५६.२ करा, रिबूट मारा अन् ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाका. लूसीचं (ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंगचं) पान उघडते, पासवर्ड सुरुवातीला रिकामाच असतो. इथं एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा, म्हणजे बिघडलं तर इथवर परत येता येते, मग पाहिजे तेवढी मोडतोड करा.

खरी गंमत पुढं आहे. तिसरं कार्डही नॅटवर लावा, म्हणजे एक फायबर अन् एक डोंगल असं समजा. एमवॅन३ पॅकेज टाका, एक नेट गेलं की दुसऱ्यावर नेणारं तेच, दोन्ही वॅनला (बाहेरच्या नेटच्या जोडण्या) मेट्रिक, म्हणजे पसंतीक्रमाचा आकडा, वेगवेगळं द्या, एकाला १०, दुसऱ्याला २०, इथंच बहुतेक जण चुकतात. मग मशीन चालू असतानाच फायबरवाल्या कार्डाच्या सेटिंगमधली 'केबल जोडलेली' ही टिक काढा. झाली फायबर तुटली! पाहा किती सेकंदात दुसऱ्यावर जाते. फक्त आपल्याकडे केबल बॉक्सपर्यंत शाबूत राहते अन् पुढंच कुठं तरी खांबावर तुटते, तिथं लिंक चालूच दिसते. म्हणून एमवॅन३ बाहेरच्या पत्त्यांना पिंग करत राहते (उत्तर येते का तपासते), ते ट्रॅकिंगचे पत्ते भरायला विसरू नका.

वायफाय मात्र इथं कळणार नाही, व्हर्च्युअल मशीनला अँटेनाच नाही. अन् सगळा बॅकअप उचलून खऱ्या राउटरवर टाकू नका, तिथं पोर्टांची नावं वेगळी असतात. एमवॅन३ची फाइल तेवढी नेता येते, वॅनची नावं तीच ठेवली तर.

अन् हो, तो जुना राउटर ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाला असंल तर त्याच्यावर पैसे अन् वेळ घालू नका, आजचं ओपनडब्ल्यूआरटी त्यात बसत नाही, अन् डोंगलसाठी यूएसबी पोर्टही लागतेच. खालच्या स्टिकरवर मॉडेलसोबत व्हर्जन लिहिलेलं असते, व्ही२ अन् व्ही३ च्या फाइली वेगळ्या, ते कळवा. फ्लॅश मारायच्या दिवशी राउटर इन्व्हर्टरवर घ्या, तेही बॅटरीत पाणी आहे का पाहून.