‘आज भांग आहे’ : कुठली भांग?

शिरपूरच्या एका ताईंनी विचारलंय : अलिबागकडचा एक व्हिडिओ पाहत होते. खाडीच्या मुखाशी बोय नावाच्या माशांचा थवा आलेला, त्यामागे जिताडा हा शिकारी मासा लागलेला, आणि गळ टाकून बसलेले काका म्हणतात, “आज भांग आहे, पाणी चालत नाय.” ही भांग प्यायची, की केसांतली? आणि याचा उलट शब्द कोणता?

ताई, दोन्ही नाही. हा तिसराच भांग. भरती-ओहोटी सर्वांत कमी असते त्या दिवसांना किनाऱ्यावर भांग म्हणतात आणि सर्वांत जास्त असते तेव्हा उधाण. हाच तुमचा उलट शब्द. खरं तर ही जोडी आपण सगळ्यांनी शाळेत भूगोलाच्या पेपरात लिहिली आहे, उधाणाची भरती आणि भांगाची भरती. दोन मार्क मिळाले की विसरलो. आठे समुद्र कोठे शे भो, लक्षात राहायला!

प्यायच्या भांगेशी याचा संबंध नाही, हे व्याकरणच सांगतं. ती भांग स्त्रीलिंगी, म्हणून ‘भांगेची नशा’, ‘भांगेत तुळस’. समुद्राचा मात्र ‘भांगाची भरती’, ‘भांगाचे दिवस’. विभक्ती लागताना ‘भांगे’ होत नाही, ‘भांगा’ होतं. केसांचा भांगही असाच चालतो, पण रूप जुळलं म्हणून नातं जोडायच्या मोहात मी पडणार नाही. शब्दांच्या बाबतीत आपल्याकडे असली सोयरीक फार पटकन जुळवतात.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. त्याचा जोर बहुतेकदा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. अष्टमीच्या आसपास सूर्य-चंद्र काटकोनात असतात, ओढ वाटली जाते, तो भांग. म्हणजे महिन्यात दोनदा हे, दोनदा ते.

आता ते काका कशावर वैतागले होते? ओहोटी लागली की खाडीतलं पाणी जोरात बाहेर निघतं आणि बोयांची पिल्लं, कोळंबी त्याच्याबरोबर मुखाकडे ओढली जातात. जिताडा कुठल्यातरी खडकाच्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, खाणं आपसूक समोर येतं. भांगात प्रवाह मंद, लहान मासे खाडीभर विखुरलेले. जिताड्याला थांबायला अशी जागाच उरत नाही. ‘पाणी चालत नाय’ म्हणजे हे. पण भांग म्हणजे वाईट दिवस, असं मात्र समजू नका. उधाणात तळाचा गाळ ढवळून पाणी गढूळ होतं, भांगात ते निवळतं. नजरेने शिकार करणारा मासा हवा असेल तर काही गळवाले भांगाचीच वाट पाहतात.

डोलवाल्यांचं गणित मात्र सरळ आहे. डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडाला बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं. पाणीच मासा आत ढकलतं, त्यामुळे भांगात डोल जवळजवळ बसून राहते. बोंबील आणि जवळा मुख्यतः डोलीत सापडतात. म्हणजे धुळ्या-जळगावच्या आठवडी बाजारात आपण भाव करून घेतो ते सुके बोंबील बहुधा कुठल्यातरी उधाणात जाळ्यात गेलेले असतात.

गंमत अशी की, या जोडीतला एकच शब्द घाट चढून आपल्याकडे आला. चर्चेला उधाण, अफवांना उधाण, निवडणूक लागली की उत्साहाला उधाण. आपल्या वर्तमानपत्रांना त्याशिवाय मथळाच सुचत नाही. माझी एक कुरकुर आहे. अचानक उसळलेल्या गोष्टीला उधाण म्हणतात, पण खरं उधाण अचानक कधीच येत नाही, ते पंचांगात आधीच दिसतं. भांगाच्या नशिबी तर एकही वाक्प्रचार नाही. कापसाचा बाजार निपचित पडला की आपण ‘मंदी’ म्हणून मोकळे होतो.

तसे आपण समुद्राला अगदीच परके नाही. आपली तापी खंभातच्या आखाताला मिळते आणि भारतात भरती-ओहोटीचा फरक सर्वांत मोठा त्याच आखातात.

जाता जाता ताईंच्या कामाचं. किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर 4 गुणिले पाऊण, म्हणजे 3. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हा अंदाज बरा जमतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, तेव्हा निघण्याआधी हे गणित करा. अष्टमीला ते फसवतं. 8 गुणिले पाऊण 6, म्हणून दुपारी बाराला ओहोटी, वेळ अगदी सोयीची वाटते. पण तो भांग असतो. भांगात भरती कमी तशी ओहोटीही कमी, पाणी पुरतं मागे हटत नाही. त्यापेक्षा पौर्णिमा-अमावास्येच्या जवळची सकाळ किंवा संध्याकाळ धरा आणि परतीची वेळ तिथल्या माणसांना विचारूनच पाण्यात पाय घाला.