केबल लावलेली असते, तरी बॅटरी का उतरते?

प्रश्न : मी आणि माझे यजमान नुकतेच निवृत्त झालो आणि फियाट ड्युकाटोवर बांधलेली एक जुनी मोटरहोम घेतली. मे महिन्यात लेक डिस्ट्रिक्टला गेलो. तिथल्या कॅम्पिंग साइटच्या खांबावरून केबलने वीज घेतली की पॅनेलवर १३.८ व्होल्ट दिसतात, दिवे लख्ख लागतात. पण केबल काढून मुक्काम केला, तर पहाटेपर्यंत पाण्याचा पंप मान टाकतो. घरी आल्यावर तीन आठवडे केबल लावून गाडी दारात उभी ठेवली, तर इंजिनच चालू होईना. दुकानदार म्हणतो, चार्जर बदला. बदलावा का? शिवाय सप्टेंबरात फ्रान्सला जायचं आहे. तिथे काही साइटवर ६ अँपियरच वीज मिळते म्हणे, ती पुरेल का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : ताई, चार्जरवर इतक्यात पैसे घालू नका. तुमच्या पत्रावरून तरी तो काम करतोय.

पॅनेलवर दिसणारे १३.८ व्होल्ट चार्जरचे आहेत, बॅटरीचे नाहीत. खांबावरची २३० व्होल्टची एसी वीज चार्जर १२ व्होल्टच्या कामाची डीसी करून देतो, आणि दिवे, पंप व बॅटरी या सगळ्यांना एकाच तारेवरून पुरवतो. म्हणजे केबल लागलेली असेपर्यंत दिवे चार्जरवरच चालतात. बॅटरी पार निकामी झाली असली तरी उजेड तेवढाच पडतो. हल शहराजवळच्या वर्कशॉपात मी काम करत होतो, तेव्हा ‘चार्जर गेला’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत दोष बॅटरीचा निघायचा. म्हणून बॅटरी तपासायची ती केबल काढूनच.

दोन दिवस केबल लावून ठेवा. मग ती काढा, पॅनेलचा मुख्य स्विच बंद करा आणि रात्रभर काहीही लावू नका. सकाळी साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन थेट आतल्या, म्हणजे दिवे-पंपाच्या बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. त्याआधी हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो. सोन्याची बांगडी दोन्ही टर्मिनलना एकदम टेकली, तर क्षणात लाल होते आणि मनगट भाजतं.

शिशाची धडधाकट बॅटरी पूर्ण भरून विसावली की १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. दोन दिवस चार्ज करूनही सकाळी १२.३ किंवा १२.४ च दिसत असेल, तर ती बॅटरी गेली असं समजा.

१२.७ दिसले तरी थांबू नका, कारण थकलेली बॅटरीही सकाळी छान आकडा दाखवते. तुमच्या जुन्या गाडीत १० वॉटचे हॅलोजन दिवे असतील, तर सहा दिवे चार तास लावून ठेवा. सहा दिवे मिळून ५ अँपियर घेतात, म्हणजे चार तासांत २० अँपियर-तास खर्च झाले. दिवे बंद करून दोन तासांनी पुन्हा मोजा. १०० अँपियर-तासांच्या चांगल्या बॅटरीत साडेबाराच्या आसपास राहायला हवेत. १२ वर आली असेल, तर लेबलवर १०० लिहिलेलं असो, आत तिशीपेक्षा जास्त उरलेलं नाही.

आता चार्जरकडे. आकडा कायम १३.८ वरच असतो, त्यावरून तुमचा चार्जर जुन्या पद्धतीचा, एकाच व्होल्टेजचा दिसतो. नवे चार्जर आधी १४.४ पर्यंत नेऊन बॅटरी भरतात आणि मग १३.६ च्या आसपास उतरून ती राखतात. हंडा भरत आला की आपण नळ बारीक करतो ना, तसं. १३.८ वाल्यानेही बॅटरी भरते, पण शेवटचा भाग फार रेंगाळतो. शनिवार-रविवारच्या मुक्कामात अर्धी उतरलेली बॅटरी त्याने पूर्ण भरेल असं धरू नका. तो महिनोन्‌महिने लावून ठेवायचा असेल, तर उघडता येणाऱ्या बॅटरीतलं पाणी दर महिन्याला पाहा आणि पुण्यातल्या घरी इन्व्हर्टरमध्ये घालतो तसं डिस्टिल्ड वॉटरच घाला. मी स्वतः गाडी उभी असताना महिन्यातून दोन दिवस केबल लावणं पसंत करतो.

इंजिन चालू न होण्याचं कारण वेगळं आहे. गाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनची आणि एक आतल्या दिवे-पंपाची, आणि कित्येक मोटरहोममध्ये चार्जर फक्त आतल्या बॅटरीलाच जोडलेला असतो. काहींत पॅनेलवर बॅटरी निवडायचं बटण असतं, ते आधी शोधा. जर्मन गाड्यांतल्या शाउट कंपनीच्या इलेक्ट्रोब्लॉकसारखे काही चार्जर इंजिनच्या बॅटरीला आपणहून थोडासा करंट देतात. तुमच्याकडे काय आहे ते असं पाहा : इंजिनच्या बॅटरीवर मीटर धरा आणि यजमानांना केबल लावायला सांगा. आकडा १२.५ वरून १३ च्या पुढे चढला तर ती चार्ज होतेय. जागचा हललाच नाही, तर बटण दाबून पुन्हा पाहा. तरीही हलला नाही, तर तीन आठवडे तुमच्या अलार्मने आणि रेडिओने ती बॅटरी खाल्ली. ५० मिलिअँपियरचा अलार्म दिवसाला १.२ अँपियर-तास घेतो, तीन आठवड्यांत पंचवीस होतात. इंजिनची बॅटरी आधीच जुनी असेल, तर एवढं पुरतं. आतली बॅटरी चार्ज होत असताना इंजिनच्या बॅटरीलाही थोडा करंट पोचवणारा छोटा डबा मिळतो, तो ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. मला विचाराल तर नव्या चार्जरआधी पैसे त्यावर खर्च करा.

फ्रान्सची चिंता करू नका. १५ अँपियरचा चार्जर १३.८ व्होल्टला साधारण २०० वॉट देतो, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला फार तर सव्वा अँपियर. विजेवरचा फ्रिज आणखी पाऊण. घात करते ती किटली : २००० वॉटची किटली एकटीच पावणेनऊ अँपियर ओढते आणि खांबावरचा स्विच पडतो. ७५० वॉटची प्रवासी किटली घेऊन जा, ती सव्वातीनवर भागते. तिन्ही मिळून सव्वापाच होतात. चहा उकळेपर्यंत हीटर मात्र बंद ठेवा.