तेलेविसाचा मालक नेमका कोण? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मेक्सिकोतील तेलेविसा हा स्पॅनिश भाषेतील सर्वांत प्रभावी माध्यमसमूहांपैकी एक आहे. त्याच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : ‘तेलेविसा’ आणि ‘तेलेविसायुनिव्हिजन’ अशी दोन्ही नावे वाचनात येतात. ही एकच कंपनी आहे का?

उत्तर : नाही. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय या समूहाविषयीची कोणतीही बातमी नीट कळत नाही. ३१ जानेवारी २०२२ रोजी ग्रुपो तेलेविसाने आपला कार्यक्रमनिर्मितीचा आणि वाहिन्यांचा व्यवसाय अमेरिकेतील युनिव्हिजनमध्ये सुमारे ४.८ अब्ज डॉलरच्या व्यवहारात विलीन केला आणि त्यातून तेलेविसायुनिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. तिचे सुमारे ४५ टक्के भाग ग्रुपो तेलेविसाकडे आले, म्हणजे सर्वांत मोठा भागधारक तीच. निम्म्याहून अधिक मालकी मात्र तिच्याकडे नाही. जुन्या मालिकांचा प्रचंड संग्रह, लास एस्त्रेयास आणि कनाल सिंको यांसारख्या वाहिन्यांचा व्यवसाय आणि त्याच वर्षी सुरू झालेली विक्स ही ओटीटी सेवा नव्या कंपनीच्या पदरात पडली. इझी ही केबल व इंटरनेट सेवा आणि स्काय ही उपग्रह सेवा ग्रुपो तेलेविसाने स्वतःकडे ठेवली.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती या करारातील एक तरतूद. मेक्सिकोतील प्रसारणाचे परवाने आणि प्रक्षेपण यंत्रणा ग्रुपो तेलेविसाकडेच राहिली, आणि मेक्सिकोसाठीच्या बातम्या तयार करण्याचे काम समूहाच्या संस्थापक आस्कार्रागा कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीकडे सोपवण्याचे ठरले. करमणूक भागीदारीत गेली. परवाने आणि बातम्या, म्हणजे जेथून खरा प्रभाव उगवतो ती मुळे, मेक्सिकोतच राहिली.

प्रश्न : या समूहाची सुरुवात कशी झाली?

उत्तर : रेडिओपासून. एमिलिओ आस्कार्रागा विदाउरेता यांनी १८ सप्टेंबर १९३० रोजी मेक्सिको सिटीत एक्सईडब्ल्यू हे केंद्र सुरू केले. त्याचे शक्तिशाली प्रक्षेपण देशाबाहेरही ऐकू जाई आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक गायकांची कीर्ती तेथून पसरली. पुढे १९५० ते १९५२ या काळात राजधानीत वेगवेगळ्या मालकांच्या तीन दूरचित्रवाणी वाहिन्या निघाल्या; जाहिरातींची बाजारपेठ तेव्हा तीन प्रतिस्पर्धी पोसण्याइतकी मोठी नव्हती, म्हणून १९५५ मध्ये तिघांनी एकत्र येऊन तेलेसिस्तेमा मेहिकानो ही कंपनी स्थापन केली. १९६८ मध्ये मोंतेर्रेच्या उद्योगपतींनी पाठबळ दिलेली नवी वाहिनी मैदानात उतरली, परंतु काही वर्षांत तीही याच समूहात आली आणि जानेवारी १९७३ मध्ये तेलेविसा हे नाव अस्तित्वात आले. संस्थापकांचे निधन १९७२ मध्ये झाले होते. त्यांच्यामागे पुत्र एमिलिओ आस्कार्रागा मिल्मो आणि १९९७ पासून नातू एमिलिओ आस्कार्रागा जाँ यांनी सूत्रे सांभाळली. १९९३ मध्ये सरकारी वाहिन्यांचे खासगीकरण होऊन तेलेविसिओन आस्तेका उभी राहीपर्यंत तेलेविसाला देशात म्हणावा असा खासगी प्रतिस्पर्धी नव्हता.

प्रश्न : अमेरिकेतील युनिव्हिजन मुळात मेक्सिकन कंपनी होती, असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी आस्कार्रागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन अँटोनियो व लॉस एंजेलिस येथे स्पॅनिश केंद्रे घेतली. तेथील कायद्यानुसार प्रसारण परवाना असलेल्या कंपनीत परदेशी व्यक्तीला २० टक्क्यांहून अधिक भाग थेट ठेवता येत नाही. त्यामुळे केंद्रांची मालकी एका कंपनीकडे आणि त्यांना कार्यक्रम पुरवणारे जाळे दुसऱ्या कंपनीकडे अशी रचना करण्यात आली. या जाळ्याला परवाना लागत नसल्याने त्यातील बहुतांश मालकी मेक्सिकोकडे राहू शकली. १९८६ च्या आरंभी अमेरिकी दूरसंचार आयोगाच्या न्यायाधीशांनी ही केंद्रे प्रत्यक्षात परकीय नियंत्रणाखाली असल्याचा निष्कर्ष काढला. ती केंद्रे शुभेच्छापत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॉलमार्कला विकली गेली आणि १९८७ मध्ये जाळ्याला युनिव्हिजन हे नाव मिळाले.

तेलेविसाने ही बाजारपेठ सोडली मात्र नाही. १९९२ मध्ये जेरोल्ड पेरेन्चिओ यांच्या नेतृत्वाखाली युनिव्हिजनची खरेदी झाली तेव्हा तेलेविसा व्हेनेझुएलाच्या व्हेनेव्हिसिओन या वाहिनीसह अल्पभागीदार झाली आणि दीर्घ मुदतीच्या करारान्वये आपल्या मालिका पुरवू लागली. २००७ मध्ये युनिव्हिजन सुमारे १३.७ अब्ज डॉलरना गुंतवणूकदारांच्या गटाकडे गेली. त्या स्पर्धेत तेलेविसा हरली. स्वामित्वशुल्कावरून दोघींमध्ये खटलाही चालला. २०१७ मध्ये आयोगाने युनिव्हिजनमधील परकीय मालकी ४९ टक्क्यांपर्यंत वाढवण्यास संमती दिली, तेव्हा कोठे २०२२ च्या विलीनीकरणाचा मार्ग मोकळा झाला.

प्रश्न : तेलेविसाच्या बातम्या सरकारधार्जिण्या असतात, हा आरोप रास्त आहे का?

उत्तर : मिल्मो यांच्या काळापुरता तरी रास्त आहे, कारण सत्ताधारी पीआरआय पक्षाचे आपण सैनिक आहोत, असे ते स्वतःच उघडपणे सांगत. हाकोबो साब्लुदोव्स्की यांचे ‘२४ तास’ हे बातमीपत्र १९७० ते १९९८ पर्यंत देशभर पाहिले जाई आणि त्यात विरोधकांना फारसे स्थान नसे. १९८६ मध्ये त्यांनाच अमेरिकेतील स्पॅनिश वृत्तविभागाचे प्रमुख नेमण्याचे ठरताच तेथील पत्रकारांनी विरोध केला आणि अनेकांनी राजीनामे दिले. तरीही त्यांच्या पत्रकारितेला केवळ दरबारी म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात तेलेविसाच्याच इमारतीचा भाग कोसळला असताना त्यांनी शहरभर फिरत मोटारीतील दूरध्वनीवरून रेडिओवर केलेले वार्तांकन आजही आदराने आठवले जाते. २०१२ च्या निवडणुकीत मात्र जुना आरोप पुन्हा उसळला आणि विद्यार्थ्यांच्या ‘यो सोय १३२’ चळवळीने थेट तेलेविसावर मोर्चे नेले.

प्रश्न : फुटबॉल क्लब आणि स्टेडियमही त्यांचेच आहे का?

उत्तर : क्लब अमेरिका १९५९ पासून या कुटुंबाकडे आहे आणि १९६६ मध्ये खुले झालेले आस्तेका स्टेडियमही समूहाचेच होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लब, स्टेडियम, नियतकालिके आणि कॅसिनो हे सारे ओयामानी नावाच्या स्वतंत्र कंपनीत वेगळे काढण्यात आले.

प्रश्न : दूरदर्शनच्या ‘हम लोग’ची कल्पना मेक्सिकोतून आली, हे खरे का?

उत्तर : खरे आहे. तेलेविसाचे संशोधनप्रमुख मिगेल साबिदो यांनी १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर आणि १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर मालिका केल्या. प्रेक्षक ज्याच्यात स्वतःला पाहील असे पात्र हळूहळू बदलत जाते, आणि भागाच्या शेवटी एखादी नामवंत व्यक्ती थोडक्यात बोलते, अशी त्यांची पद्धत होती. विदर्भातील नेते आणि तत्कालीन नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी मेक्सिको भेटीत हा प्रयोग पाहिला आणि तसे येथेही करावे असा आग्रह धरला. जुलै १९८४ मध्ये मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ सुरू झाली; अशोक कुमार यांचे भागाच्या अखेरचे निवेदन हा त्याच पद्धतीचा भाग होता. सुरुवातीच्या भागांतील कुटुंबनियोजनाचा थेट प्रचार प्रेक्षकांना रुचला नाही, तेव्हा तो सौम्य करून कथेचा भर कुटुंबातील ताणतणाव आणि स्त्रियांच्या स्थितीवर देण्यात आला, आणि त्यानंतरच मालिकेने देशभर लोकप्रियता मिळवली.