निबंधावर टीका छापून आली, आता पदोन्नतीचं काय?

अर्थशास्त्राच्या एक सहायक प्राध्यापिका सल्ल्यासाठी आल्या, तेव्हा आठ दिवस धड झोपल्या नव्हत्या. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्यांच्या शोधनिबंधावर चार पानी टिपण लिहिलं होतं, तेही त्याच नियतकालिकात. “सरांनीच लिहिलंय म्हटल्यावर संपलंच. पुढच्या वर्षी पदोन्नतीची मुलाखत आहे.”

आधी मुलाखतीचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत सामाजिक शास्त्रांतल्या शोधनिबंधाला 10 गुण आहेत. टीका झाली म्हणून गुण कापणारा रकाना नाही. निबंध मागे घ्यावा लागला तर गोष्ट वेगळी.

मग टिपणाची छापील प्रत आणि तीन पेनं. आकड्यांची चूक लाल, पद्धतीवरचे आक्षेप निळे, शेरेबाजी हिरवी. झोप उडवणारं जवळजवळ सगळं हिरव्यात निघालं: ‘उथळ’, ‘घाईघाईने’. निळे आक्षेप चार. लाल एकच, पण तो खरा होता. टक्केवारी काढताना उत्तर न दिलेली कुटुंबंही छेदात धरली गेली होती.

त्यांच्याच विषयातलं उदाहरण घ्या. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या, सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरच्या 2010 च्या निबंधातल्या चुका 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह दाखवल्या. एक्सेलच्या सूत्रात 20 पैकी 5 देश सुटले होते. मोठ्या कर्जाच्या देशांची सरासरी वाढ उणे 0.1 टक्का छापली होती. वगळलेली वर्षं आणि भारांकनही (सरासरीत कुणाला किती वजन द्यायचं ते) दुरुस्त केल्यावर ती 2.2 निघाली. दोघांनी एक्सेलची चूक कबूल केली, निष्कर्षावर मात्र वाद घातला. राइनहार्ट 2020 मध्ये जागतिक बँकेच्या मुख्य अर्थतज्ज्ञ झाल्या.

बाईंनी टिपण वाचलं त्याच रात्री सहा पानी उत्तर लिहून ठेवलं होतं, शिवाय गाइडकडून संपादकांना फोन करवायचा विचार होता. फोन तर नकोच. वशिल्याचा वास आला की खरा मुद्दाही पडतो. सहा पानांत त्या चुकीच्या छेदाचाही बचाव होता. वाचणारा नेमका तोच पकडतो आणि बाकीच्या चार उत्तरांवरचा त्याचा विश्वास उडतो.

क्रम असा ठरला: संपादकांना विचारून दुरुस्त कोष्टकाचं शुद्धिपत्र आधी. कबुली उत्तराच्या तिसऱ्या परिच्छेदात आली तर ती ओढून काढल्यासारखी दिसते. नंतर निळ्या आक्षेपांना छोटं उत्तर, शब्दमर्यादा आणि टीकाकाराला पुन्हा उत्तराची संधी आहे का, हे विचारून. हिरव्याला काहीच नाही. विभागप्रमुखांना मात्र बाहेरून कळण्याआधी बाईंनी स्वतः भेटायचं, दुरुस्त कोष्टक हातात घेऊन.